न उघडायची यादी

चष्म्यांच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात दोनशे माणसं कामाला होती, आणि चाळणदादाचं खरं नाव त्यांतल्या फार तर चौघांना ठाऊक असेल. पगाराच्या कागदावर असेल काय असेल ते. तोंडावर चाळणदादा आणि पाठीमागेही चाळणदादाच. त्याचं कामच तसं होतं. इंटरनेटवरून कारखान्यात जे काही येई ते आधी त्याच्या खोलीतल्या पेटीत शिरे, तिथं चाळलं जाई आणि मग लोकांच्या पडद्यावर उमटे. नाचऱ्या जाहिराती, 'अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलंय' म्हणणारे भामटे, फाइलीच्या पोटात लपून आलेले व्हायरस, असा सगळा कोंडा वर राहायचा.

खोली जिन्याखाली, एवढीशी. यंत्रांना गारवा लागतो म्हणून बाराही महिने तिथं थंडी, आणि म्हणून बाराही महिने खिळ्याला एक तपकिरी स्वेटर. बाहेर माणसं घामानं निथळत असायची तेव्हा हा गडी स्वेटरच्या बाह्या ओढून बसलेला. उन्हाळ्यात लोकांची त्याच्याकडे कामं फार निघायची. "दादा, माझं मशीन जरा हळू चालतंय," असं सांगत यायचे आणि अर्धा तास गारव्यात उभे राहून जायचे. मशीनला काही धाड भरलेली नसायची. दादालाही ते कळायचं. तो मुकाट्यानं स्टूल पुढे सरकवायचा.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली इंटरनेटवर सगळं कुलूपबंद असतं ना? पत्त्याशेजारी ते इवलंसं कुलूप दिसतं ना? मग हा मधला माणूस चाळतो काय, कपाळ? बरोबर विचारलंत. कुलूपबंद म्हणजे बंद पाकीट. नुसतं पाकीट पाहून वरचा पत्ता कळतो, कुठून आलं आणि कुणाकडे चाललं एवढंच. आत प्रेमपत्र आहे की विंचू, ते काही कळत नाही. म्हणून चाळणदादाची पेटी जरा आगाऊपणा करायची. ती पाकीट फोडायची. आतला कागद वाचायची, विंचू असला तर काढून टाकायची, कागद नव्या पाकिटात घालायची आणि वर स्वतःचा शिक्का मारायची. कारखान्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला पहिल्याच दिवशी शिकवून ठेवलेलं, की बाबा रे, या शिक्क्याचं पाकीट आलं की ते आपल्या घरचंच समज. त्यामुळे आपलं पाकीट वाटेत कुणी फोडलंय याचा समोरच्याला पत्ताही लागायचा नाही.

हे सोपं काम नव्हे. म्हणजे करायला सोपं, पेटी आपोआप करते. पण हे ज्याच्या ताब्यात असतं त्याच्या मुठीत दोनशे माणसांची झाकली मूठ असते. कुणाला कुठला आजार आहे, कुणाचं घरी पटत नाही, कोण रोज जेवणाच्या सुट्टीत हरवलेल्या भावाचा फोटो शोधतंय. एखादा असता तर त्यानं चहाच्या टपरीवर बसून महिनाभर लोकांना रंगवून सांगितलं असतं. चाळणदादानं त्यावर एक इलाज काढला होता, आणि त्या इलाजाचा त्याला मनातून फार अभिमान होता.

पेटीत एक यादी असते. न उघडायची यादी. तिच्यात ज्यांचे पत्ते, त्यांची पाकिटं पेटी फोडत नाही, जशीच्या तशी पुढे सोडते. बँका, दवाखाने, वकील ही मंडळी तिच्यात आधीपासून असतात. बाकीचे पत्ते घालायचे ते पेटी सांभाळणाऱ्यानं. दुसरीकडे म्हणे त्यासाठी अर्ज करावा लागतो, कारण लिहावं लागतं, साहेबाची सही लागते. चाळणदादाचा नियम साधा होता. पत्ता विचारायचा, कारण विचारायचं नाही. पत्ता कुणा भामट्याचा नाही ना एवढं बघायचं, बस्स.

पॉलिश खात्यातली एक बाई एकदा काच गुंडाळायच्या कागदाच्या मागे पत्ता लिहून घेऊन आली. कागद मुठीत पार चुरगळलेला.

"दादा, हे कशासाठी पाहिजे ते सांगू का?"

"नका सांगू."

"नाही, तुम्हाला उगाच काहीतरी वाटायचं."

"मला काही वाटत नाही हो. थंडी वाटते तेवढी पुरे आहे."

बाई हसली. त्यानं पत्ता यादीत घातला, कागदाचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. पुढे मॅनेजरनंही एकदा गोडीगोडीनं विचारून पाहिलं, "काय रे, कोण कोण दुसरीकडे नोकरी शोधतंय ते तुझ्या पेटीत दिसत असेल ना?" चाळणदादा म्हणाला, "दिसत असेल साहेब. तुम्ही शोधत असाल तर तेही दिसेल. पण मी बघत नाही." मॅनेजरनं पुन्हा तो विषय काढला नाही.

तर असा हा माणूस. दुसऱ्याच्या झाकल्या पाकिटाला डोळ्यांत तेल घालून जपणारा. आणि त्याच्याच घरात काय होऊन बसलं ते ऐका. दिव्याखाली अंधार म्हणतात तो उगाच नाही.

घरात माणसं तीन. तो, त्याची बायको आणि आप्पा, म्हणजे त्याचे वडील. आप्पा पेंटर. चित्रं काढणारे नव्हेत, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. पंचेचाळीस वर्षं शिडीवर उभे राहून त्यांनी त्या भागातली निम्मी दुकानं रंगवली. त्यांचं एक माप ठरलेलं होतं, आठाला एक. आठ हात लांब पाटी तर एक हात उंच. "याहून उंच केली की दुकान ओरडतं, आणि बुटकी केली की पुटपुटतं," असं म्हणायचे. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तर काम सोडायचे, पण माप सोडायचे नाहीत.

चाळणदादाच्या हातात ब्रश कधी टिकला नाही. टिकला तो धाकटीच्या, त्याच्या बहिणीच्या. आठव्या वर्षापासून ती आप्पांच्या शिडीखाली रंगाचे डबे धरून उभी असायची. पुढे ती कॉम्प्युटरवर जाहिराती काढायला शिकली. मग आप्पा जेवताना म्हणायचे, "घराणं बघा आमचं! बाप जाहिराती रंगवतो, पोरगी जाहिराती काढते, आणि पोरगा त्या काढून टाकण्याचा पगार घेतो." आणि स्वतःच इतके हसायचे की घास अडकायचा.

हे हसणं तीन वर्षांपूर्वी बंद पडलं. आप्पांचा हात कापायला लागला होता. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही आणि चौकातल्या औषधांच्या दुकानाची पाटी अंगावर घेतली. रेघा वाकड्या गेल्या. बघणाऱ्याला बघवेना. दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटी कुणाला न सांगता शिडी घेऊन गेली आणि तिनं प्रत्येक अक्षरावरून हात फिरवून पाटी सरळ केली. बापाचं नाव राहावं, दुसरं काय होतं तिच्या मनात! औषधवाला खूश. येणारा-जाणारा आप्पांना म्हणायचा, "वा, हात अजून तसाच आहे!" आप्पांनी आपली पाटी एकदा खालून बघितली आणि त्यांना सगळं कळलं. घरी येऊन ते धाकटीला म्हणाले, "माझ्या पाटीला पुन्हा हात लावलास तर याद राख." ती काहीतरी बोलली, तेही बोलले, ताटं तशीच राहिली. दोन महिन्यांत तिनं दूरच्या शहरात नोकरी धरली. तेव्हापासून बापलेकीत अक्षरानं बोलणं नाही. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी दोन्ही माणसं.

चाळणदादा मध्ये. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत धाकटीचा फोन यायचा, आणि सगळ्या गप्पा झाल्यावर ती हळूच विचारायची, "जेवतात ना नीट?" एवढंच. आप्पा तर तेवढंही विचारायचे नाहीत. फक्त गुरुवारी तो घरी आला की त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे.

मग या वर्षी धाकटीनंच माघार घेतली. तिनं इंटरनेटवर एक पान तयार केलं, फक्त आप्पांसाठी. म्हणाली, "दादा, त्यांच्या कॉम्प्युटरवर हा पत्ता ठेव. दर रविवारी ते एक पाटी बघतील, मी रंगवलेली. बाकी काही सांगू नकोस. आणि तूसुद्धा बघायचं नाहीस. हे माझं आणि आप्पांचं आहे."

"नाही बघत," तो म्हणाला. पत्ता बरोबर आहे की नाही ते पाहायला त्यानं कारखान्यात बसून फोनवर ते पान एकदाच उघडलं, वर पाटीचा लाल रंग दिसला तसं झटकन बंद केलं. संध्याकाळी आप्पांच्या पडद्यावर पत्ता मांडून दिला. दिलेला शब्द पाळण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पहिला रविवार गेला, दुसरा गेला. दर रविवारी सकाळी आप्पा दाढी करायचे, धुतलेला शर्ट घालायचे, चष्मा धोतराच्या सोग्यात घोळून घोळून पुसायचे आणि खिडकीजवळच्या टेबलाशी कॉम्प्युटर लावून बसायचे. पंधरा मिनिटांनी उठायचे. तोंडाला कुलूप. धाकटीला उत्तर नाही की निरोप नाही.

अकरा रविवार झाले. बाराव्याच्या आधीच्या गुरुवारी धाकटीचा फोन आला. आवाज बसलेला.

"दादा, हा रविवार शेवटचा. मग मी ते पान बंद करते."

"अगं, थोडा धीर धर. म्हातारा माणूस आहे."

"अकरा आठवडे धीरच धरला ना? रात्र रात्र बसून रंगवते रे. खाली एकच ओळ लिहिते, आप्पा, यात काय चुकलंय? एवढंच. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी नको असेन तर नको. मी पुन्हा ते दार वाजवणार नाही. आणि मला घरी ये म्हणून तूही सांगू नकोस, सांगून ठेवते."

ती हे रागानं बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती शांतपणे बोलली. आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. बहीण गेली ती गेलीच, हे त्याला त्या खोलीतल्या थंडीसारखं स्पष्ट जाणवलं. त्यानं स्वेटर खिळ्याला अडकवला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोन वाजता घर गाठलं.

आप्पा खिडकीशी बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बापावर आवाज चढवला.

"आप्पा, पोरगी अकरा आठवडे तुमच्या पाया पडतेय. दगडालासुद्धा पाझर फुटला असता!"

आप्पांनी मान वर केली. "पाया पडतेय? डिवचतेय म्हण."

"डिवचतेय?"

"नाहीतर काय! दर रविवारी कोरं पान पाठवते. पांढरंफटक. आणि खाली विचारते, आप्पा, यात काय चुकलंय? कळतं रे मला. म्हातारा झालो, खुळा नाही झालो. काय चुकलंय म्हणजे, माझं काय चुकलं होतं ते बोला, असंच ना? कोऱ्या पानावर मी काय बोलू? बोलायला काही ठेवलंय का तिनं?"

"कोरं?" चाळणदादा म्हणाला. "आप्पा, कोरं कसं असेल?"

"मग मी खोटं बोलतो?"

दारात त्याची बायको हात पुसत उभी राहिली होती. ती म्हणाली, "अहो, भांडताय काय? उघडून बघा ना." बायका कधी कधी फार सोपी गोष्ट सांगतात आणि पुरुषांना ती फार उशिरा सुचते.

त्यानं कॉम्प्युटर उघडला. पान आलं. वर तारीख, मध्ये पांढरी मोकळी जागा, खाली ती ओळ, आणि उत्तर लिहायला एक चौकट. बस्स. मग त्यानं खिशातून फोन काढला, वायफाय बंद केलं आणि तेच पान फोनवर उघडलं. तिथं लांबट लाल पाटी होती, पिवळ्या अक्षरांत, डाव्या अंगाला काळी सावली टाकलेली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दुकानाची. त्यानं फोन पडद्याशेजारी धरला. एकीकडे पाटी, एकीकडे पांढरं.

आणि मग त्याला कळलं. कळलं म्हणजे कसं, पायाखालची फरशी सरकल्यासारखं.

सात-आठ महिन्यांपूर्वी आप्पांच्या पडद्यावर एक लालभडक पट्टी आली होती, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा.' आप्पांनी इमानदारीत फोन केला. पलीकडच्या भामट्यानं कॉम्प्युटरचा ताबा घेतला आणि आप्पांच्या डोळ्यांदेखत बाण आपोआप फिरायला लागला. सूनबाईंनी वायर उपटली म्हणून निभावलं. आप्पा चार दिवस कॉम्प्युटरजवळ फिरकले नाहीत, इतके घाबरले होते. तेव्हा चाळणदादानं त्यांच्या मशीनवर एक सुरक्षेचं सॉफ्टवेअर घातलं, कारखान्यातल्या पेटीचंच धाकटं भावंड. पाकिटं फोडणारं. आणि बापावरच्या मायेपोटी ते कारखान्याहून कडक केलं. कारखान्यात जाहिरातवाल्यांचे ओळखीचे पत्ते तेवढे अडवायचे असतात. घरी त्यानं स्वतःच्या हातानं आणखी एक नियम लिहिला. जाहिरातींच्या पट्ट्यांची मापं ठरलेली असतात. त्या मापाचं चित्र कुठूनही येवो, कुणाचंही असो, दिसलं की काढून टाक.

त्यानं सॉफ्टवेअरची नोंदवही उघडली. आप्पांची नोंदवही त्यानं आजवर वाचली नव्हती, बापाच्या पाकिटात डोकवायचं नाही म्हणून. आता वाचली. अकरा रविवारच्या अकरा ओळी. प्रत्येकीत बहिणीच्या पानाचा पत्ता आणि पुढे शेरा: मापावरून काढले, सातशे अठ्ठावीस बाय नव्वद. म्हणजे लांबी उंचीच्या जवळजवळ आठपट.

आठाला एक.

जाहिराती काढणाऱ्या पोरीनं बापाच्या मापाच्या सगळ्यात जवळचं तयार माप निवडलं होतं, तिच्या हाताला रोजचं सवयीचं. आणि जाहिराती काढून टाकणाऱ्या पोरानं नेमकं तेच माप पुसायला सांगितलं होतं. पाकीट बंद राहिलं असतं तर सॉफ्टवेअरला आतल्या चित्राचं माप कळलंही नसतं. ओल्याबरोबर सुकं जळतं म्हणतात. इथं ओलं बाजूलाच राहिलं आणि घरचं सुकं तेवढं जळालं. परक्या बाईनं चुरगळलेल्या कागदावर आणलेला पत्ता यादीत घालताना ज्याला एक क्षण लागायचा नाही, त्याला स्वतःच्या बहिणीचा पत्ता यादीत घालायचं सुचलं नव्हतं. आपल्याच बहिणीचं पान, त्यात काय जपायचं! मनात तेवढाही विचार आला नव्हता.

"आप्पा," तो म्हणाला. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, पण रडू आलं त्याला. "ती कोरी पानं नव्हती पाठवत. पाट्याच पाठवत होती. मी पुसल्या. मी बसवलेल्या सॉफ्टवेअरनं. ती लाल पट्टी पुन्हा येऊ नये म्हणून मी नियम लिहिला होता, त्यात तिच्या पाट्या गेल्या."

आप्पांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता उठून थोबाडीत देतील. दिली असती तर त्यानं घेतली असती.

"किती?" आप्पांनी विचारलं.

"अकरा."

"अकरा," आप्पा म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "आणि मी तिला मनातल्या मनात काय काय बोललो रे. अकरा वेळा." आणि थोड्या वेळानं, "दाखव."

त्यानं तो नियम खोडला. मग न उघडायची यादी उघडली आणि तिच्यात बहिणीच्या पानाचा पत्ता लिहिला. लिहिताना आप्पांना समजावून सांगितलं, की आता या पानाचं पाकीट कुणी फोडणार नाही, तुम्ही तिला काय लिहिता ते मलाही दिसणार नाही. आप्पांनी हूं केलं. त्यांचं लक्ष नव्हतं. पानावरची तारीख मागे मागे नेली तसतशा पडद्यावर एकामागून एक पाट्या उतरत होत्या: बेकरी, केस कापायचं दुकान, सायकल दुरुस्ती, चपला, छत्र्या, शिंप्याचं दुकान. सगळ्यांची सावली डावीकडे, आप्पा टाकायचे तशीच. आप्पा खुर्ची पुढे ओढून इतके वाकले की नाक पडद्याला टेकायला आलं. एकेका पाटीवर बोट न टेकवता हवेतल्या हवेत ते अक्षरं गिरवत होते. हात कापत होता, पण वळणं अचूक होती.

"हिचा लाल बघ," ते पुटपुटले. "कुठून आणला हा लाल." मग एकदम, "या अक्षराचं पोट बसकं झालंय. इथं घाई केलीये हिनं." मग पुढची पाटी. सूनबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवला.

"आप्पा, तुम्ही सांगा, मी उत्तर टाइप करतो," चाळणदादा म्हणाला.

"तू बाहेर जा."

"अहो, पण तुमचा हात..."

"आत्ताच म्हणालास ना, कुणी बघणार नाही म्हणून? मग जा की बाहेर. दार लोटून घे."

तो बाहेर येऊन स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला. आतून एकेक कळ दाबल्याचा आवाज येत होता. टक. बराच वेळ काही नाही. मग टक. मध्येच आप्पा स्वतःलाच शिवी हासडायचे, म्हणजे चुकीची कळ दाबली गेली असणार. बायको म्हणाली, "मदत करा जाऊन." तो म्हणाला, "नको. त्यांना करू दे." तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा हात हातात घेतला. लग्नाला वीस वर्षं झाली होती, भरदुपारी ओट्याशी हात धरून उभं राहायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. तीन वाजता सुरू झालेलं ते टकटक पावणेसहाला थांबलं. आप्पा बाहेर आले आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

सव्वासहाला फोन वाजला. धाकटी. चाळणदादानंच आधी सगळं सांगून टाकलं, नियम, माप, पुसलेल्या पाट्या, सगळं. "शिव्या घाल मला," तो म्हणाला.

"घालीन नंतर. सावकाशीनं घालीन." ती नाक ओढत हसली. "दादा, त्यांनी अकरा चुका काढल्यात रे! एकही सोडली नाही. बेकरीचा पिवळा कच्चा. छत्रीवाल्याची अक्षरं एकमेकांना खेटलीत. शिंप्याची सावली जाड. वाचून दाखवू का?"

"नको. तुमचं दोघांचं आहे ते."

"मग शेवटचं तेवढं ऐक. मला एकटीला पेलत नाहीये." तिनं श्वास घेतला आणि वाचायला लागली. आप्पांनी कुठं स्वल्पविराम दिला नव्हता, कुठं थांबले नव्हते. "या झाल्या लहान चुका सगळ्यात मोठी चूक अकराही पाट्यांत एकच आहे खाली कोपऱ्यात पेंटरचं नाव नाही औषधवाल्याच्या पाटीवर हात फिरवलास तेव्हाही हेच केलंस काम सगळं तुझं आणि कोपऱ्यात नाव माझं तसंच ठेवलंस लोक येऊन माझी वाहवा करायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं राग त्याचा होता पोरी हात लावल्याचा नव्हता हात तुझा माझ्याहून चांगला आहे हे मला तू बारा वर्षांची होतीस तेव्हापासून ठाऊक आहे."

तीन वर्षं सगळं घर समजत होतं की म्हाताऱ्याचा अपमान झाला, त्याच्या कापऱ्या हातावर बोट ठेवलं गेलं. कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

"दादा, आहेस ना?"

"आहे."

"त्यांचे बारीक ब्रश आहेत का रे घरात, की टाकून दिले?"

"आहेत. महिन्यातून एकदा धुऊन ठेवतात."

पलीकडे बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मग धाकटी म्हणाली, "मग मी शनिवारी येते. औषधवाल्याला सांग, पाटीचं थोडं काम राहिलंय. तीन वर्षं राहिलंय म्हणावं. आणि आपली शिडी आता खिळखिळी झाली असेल, त्याच्याकडून मागून ठेव."

"आप्पांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. रंगाचा डबा खालून कुणी धरायचा ते मी त्यांनाच विचारते. दे त्यांच्याकडे फोन."

मोरीतलं पाणी बंद झालं होतं. आप्पा दारात उभे होते, तोंड ओलं, हात पुढे केलेला, फोनसाठी. चाळणदादानं फोन त्यांच्या हातात दिला, दार लोटून घेतलं आणि तो शिडी मागायला गेला.